नेट गेलं का?

क्षमस्वरावांचं तोंड उघडं राहिलं ते उघडंच राहिलं. म्हणजे खरं तोंड त्यांनी केव्हाच मिटलं होतं, पण पलीकडे मुलाखत घ्यायला बसलेल्या तिघांना दिसत होतं ते उघडं. प्रश्न होता, "तुमचा सर्वांत मोठा गुण कोणता?" उत्तर सुरू झालं होतं, "मी कधीही..." आणि तिथे नेट गेलं. डोळे अर्धे मिटलेले, जबडा खाली, एक बोट वर. त्या तिघांपैकी एका बाईंनी नंतर फोन केला. म्हणाल्या, "आम्ही बराच वेळ थांबलो हो, आम्हाला वाटलं तुम्ही विचार करताय." बाई भल्या होत्या. पुढच्या गुरुवारी, संध्याकाळी पाचलाच, पुन्हा एकदा घेऊ म्हणाल्या. "तेवढं नेटचं मात्र बघून घ्या."

आता हे क्षमस्वराव म्हणजे कोण, तर विमा कंपनीतले दावे तपासणारे. कुणाची गाडी ठोकली, कुणाचं दुकान जळालं, की अर्ज यांच्या टेबलावर यायचा आणि यांचं पत्र जायचं: "आपल्या नुकसानीबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. तथापि, आपला दावा मान्य करता येत नाही. क्षमस्व." कचेरीत नाव पडलं ते तिथूनच. माणूस वाईट नव्हता. नियमात बसलं तर पैसे मंजूर करताना त्यांचा हात कधी अडला नाही, पण नियमात बसणारं नुकसान करून घ्यायला लोकांना जमतच नाही, त्याला ते काय करणार? मग कंपनीने एक यंत्रणा आणली. ती तेच पत्र डोळ्याची पापणी लवायच्या आत लिहायची. नकार द्यायला पगारी माणूस कशाला हवा, असं वर कुणाच्या तरी लक्षात आलं आणि क्षमस्वरावांच्याच हातात पत्र पडलं. "आपल्या दीर्घ सेवेबद्दल आम्हाला आदर आहे. तथापि..." मजकूर त्यांनीच कधीकाळी तयार केलेला. त्याही अवस्थेत त्यांनी तो तपासला. चूक नव्हती.

ही गोष्ट घरात फक्त बायकोला माहीत होती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला, रोज सकाळी डबा घेऊन निघायची. आबांना, म्हणजे त्यांच्या वडिलांना, आणि इमारतीतल्या लोकांना सांगितलं होतं की कंपनीने आता घरून काम दिलंय. ते पटावं म्हणून क्षमस्वराव रोज इस्त्रीचा शर्ट घालून आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसायचे आणि दार लावून घ्यायचे. घराबाहेर पडणं त्यांनी सोडलंच होतं. जिन्यात कुणी ना कुणी भेटतं, "काय, काम जोरात?" विचारतं, आणि खोटं बोलायला दर वेळी नवीन वाक्य लागतं. त्यापेक्षा खोली बरी. खोलीला एकच खिडकी होती, आणि तीही शेजारच्या भिंतीकडे बघत बसायची.

तर आता या घरचं भवितव्य एका पांढऱ्या डबीच्या हातात होतं. दाराशी चपलांच्या कपाटावर ठेवलेला तो राऊटर. सकाळी त्याच्या अंगात वारं संचारल्यासारखं नेट पळायचं. दुपारी बरं. आणि संध्याकाळी साडेचार वाजले, की राऊटर धापा टाकायला लागायचा. मध्येच दोन मिनिटं सुटायचा, पुन्हा बसकण मारायचा. अगदी बंद पडला असता तर परवडलं असतं, मेलेल्या गोष्टीचं माणूस काहीतरी करतो. पण रडतखडत चालणाऱ्याचं काय करायचं?

क्षमस्वरावांनी आधी तो बंद करून चालू केला. हे जगातलं एकमेव तांत्रिक ज्ञान आहे जे सगळ्यांकडे असतं. मग वायर बदलली. मग मायक्रोवेव्हवर संशय घेतला आणि संध्याकाळी तो लावायला बंदी घातली. बायकोने दमून येऊन आठवडाभर थंडगार जेवण वाढलं आणि एवढंच म्हणाली, "नेट गरम झालं की सांगा."

मग कंपनीला फोन. तिकडे आधी बराच वेळ बासरी वाजली. मग "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं एका बाईने इतक्या वेळा सांगितलं की क्षमस्वरावांना स्वतःच्या महत्त्वाची शंका यायला लागली. तक्रार नोंदवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा माणूस आला. सकाळी! त्याने फोनवर वेग मोजला आणि तोंड वाकडं केलं.

"पळतंय की साहेब. घोडं पळतंय."

"संध्याकाळी पळत नाही."

"संध्याकाळी आमची ड्युटी नसते," तो म्हणाला आणि गेला. तो जिना उतरतो न उतरतो तोच निरोप आला: "आपल्या तक्रारीचे निवारण झाल्याने ती बंद करण्यात येत आहे." क्षमस्वरावांनी तो दोनदा वाचला. रागाने नव्हे, कौतुकाने. काम कमी आणि कर्मणी प्रयोग चोख. यातला कुणीतरी आपल्याच शाळेत शिकलेला दिसतो, असं त्यांना वाटलं.

खरं नवल मात्र शेजाऱ्यांचं. नेट गेलं, की अर्ध्या मिनिटात घंटी वाजायची. दारात कधी खालच्या मजल्यावरच्या काकू, कधी वरचे पूलवाले, कधी इमारतीचे सेक्रेटरी. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न: "नेट गेलं का?"

"गेलं हो," क्षमस्वराव म्हणायचे. आणि मनात म्हणायचे, इतकी वर्षं या इमारतीत राहतोय, आपण कधी कुणाकडे मीठसुद्धा मागायला गेलो नाही, आणि ही माणसं बघा! आपण सांगायच्या आत यांना कळतं. याला म्हणतात शेजारधर्म. एकदा तर काकू हातातला झारा तसाच घेऊन वर आल्या होत्या. "भाऊ, लवकर काय ते करा हो," म्हणाल्या, "मला बाई बघवत नाही." काय बघवत नाही हे त्या बोलल्या नाहीत, आणि क्षमस्वरावांनीही विचारलं नाही. एवढ्या मायेला प्रश्न विचारायचे नसतात.

पूलवाले म्हणजे निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर पूल बांधले, त्यामुळे इमारतीत कुणाचा नळ गळो की पाय मुरगळो, तांत्रिक सल्ला त्यांचाच. स्वभावाने काटकसरी. एकच बल्ब घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाणारा माणूस. शुक्रवारी क्षमस्वरावांनी राऊटर उचलून आतल्या खोलीत लॅपटॉपशेजारी नेऊन ठेवला. म्हटलं, जवळ तरी येऊ दे. त्या संध्याकाळी नेट किंचित सुधारलं, तोच घंटी वाजली. पूलवाले आणि सेक्रेटरी, दोघंही घामाघूम.

"हलवलंत?" पूलवाले म्हणाले.

"आत नेला. जरा बरं वाटतंय."

"घोर चूक! अहो, लहरींना मोकळं दार लागतं. आत कोंडल्या की त्या भिंतीवर आपटतात आणि थकतात. दाराशीच बरं होतं. किंबहुना दाराच्या जितकं बाहेर, तितकं उत्तम."

"जिन्यात हवासुद्धा खेळती आहे," सेक्रेटरी म्हणाले. "मी म्हणतो, सरळ भिंतीला भोक पाडा, वायर बाहेर घ्या आणि राऊटर जिन्यातच टांगा. यंत्र थंड राहील."

"पण जिना सगळ्यांचा. परवानगी लागेल ना?"

"दिली!" सेक्रेटरी म्हणाले.

क्षमस्वराव बघतच राहिले. याच सेक्रेटरींनी त्यांना खिडकीला जाळी बसवायची परवानगी द्यायला वर्ष लावलं होतं. नकाशा मागितला होता, शेजाऱ्यांची हरकत नसल्याच्या सह्या मागितल्या होत्या, मग जाळीचा रंग विचारला होता. तेच सेक्रेटरी आता खिशातून कागद-पेन काढून उभ्याउभ्या सही करत होते, आणि खाली टेबल नव्हतं म्हणून पूलवाल्यांची पाठ वापरत होते. माणूस बदलतो हो, क्षमस्वराव बायकोला रात्री जेवताना म्हणाले. संकटात माणूस ओळखू येतो. बायकोने थंड आमटीत चमचा फिरवला आणि त्यांच्याकडे बघून घेतलं.

भोक बुधवारी पाडायचं ठरलं. मुलाखत गुरुवारी. ड्रिल पूलवाल्यांनी आणलं, जागा पूलवाल्यांनी दाखवली, खडूने फुलीसुद्धा त्यांनीच मारली. "इथे काही नाही. मी बघितलंय," म्हणाले. आयुष्यभर पाण्यावरून जायची सवय असलेल्या माणसाला पाणी भिंतीतूनही जातं हे सुचलं नसावं. ड्रिल दोन बोटं आत गेलं आणि क्षमस्वरावांच्या इस्त्रीच्या शर्टावर पाण्याची चिळकांडी उडाली. मग धारच लागली. पूलवाले "वॉल्व्ह! वॉल्व्ह!" ओरडत वरच्या टाकीकडे पळाले. पाणी चपलांच्या कपाटातून, चपला घेऊन, दाराबाहेर निघालं. वाटेत पुन्हा कपाटावर आणून ठेवलेला राऊटर त्याने भिजवला नाही, पण त्याची वीज ज्या खटक्यातून येत होती तो खटका उडाला.

पाचच्या सुमाराला पाणी थांबलं. क्षमस्वराव एका हातात फडकं आणि एका हातात बादली घेऊन उभे असताना खालच्या काकू आल्या. डोक्यावरून पाणी निथळत होतं. त्यांच्या छताला गळती लागली होती हे कुणी सांगायची गरज नव्हती. क्षमस्वरावांनी मान खाली घातली, बोलणी खायची तयारी केली.

"भाऊ," काकू म्हणाल्या, "नेट गेलं का?"

"काकू, तुमच्या छतातून पाणी..."

"पाण्याचं राहू द्या हो! पाणी काय, पुसता येतं. नेट कधी येणार?"

क्षमस्वराव इतकी वर्षं दावे तपासत होते ते काही उगाच नाही. ज्याचं छत गळतंय तो जर छताबद्दल बोलत नसेल, तर काहीतरी गोम असते.

"काकू, आमच्या नेटशी तुमचं काय काम?"

"अगंबाई, मालिका अर्धी..." काकू म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

क्षमस्वराव कितीतरी दिवसांनी उंबरठ्याबाहेर आले. जिन्याच्या वळणावर, मोठ्या खिडकीपाशी, आबा आपली घडीची खुर्ची टाकून बसले होते. ते रोज संध्याकाळी हवा खायला बाहेर बसतात हे क्षमस्वरावांना माहीत होतं. हवा खायला आणखी कोण कोण बसतं, हे मात्र माहीत नव्हतं. पायऱ्यापायऱ्यांवर माणसं. सेक्रेटरी, त्यांची बायको, समोरची शिक्षिका, पार्सल वाटणारा, दुसऱ्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब. प्रत्येकाच्या हातात फोन. ओल्या पायऱ्यांवर वर्तमानपत्रं पसरून बसले होते, पण उठले नव्हते.

"कुणी सांगितला यांना पासवर्ड?" क्षमस्वरावांनी विचारलं.

"मी," आबा म्हणाले.

"तुम्ही पासवर्ड वाटलात?"

"अरे, दारात आलेल्याला पाण्याला नाही म्हणतो का आपण?"

"हे पाणी आहे का आबा? माझं काम आहे त्याच्यावर! उद्या माझी महत्त्वाची मीटिंग आहे. काही कळतं का तुम्हाला?"

"कळतं," आबा म्हणाले.

पण ते इतकं हळू म्हणाले, की क्षमस्वरावांना ऐकू आलं नाही. ते ओरडण्यात गुंतले होते. बाप म्हातारा झाला म्हणून घर धर्मशाळा करायचं का, असंही ते बोलून गेले. माणसं एकेक करून उठली. जाताना वर्तमानपत्रं मात्र सगळ्यांनी उचलून नेली.

गुरुवारी सकाळी क्षमस्वरावांनी कंपनीला फोन लावला. पासवर्ड बदलायचा तर तो कंपनीकडूनच, असा नियम. बासरी ऐकून झाल्यावर एक मुलगी आली.

"नवीन पासवर्ड काय ठेवू, सर?"

रात्रभर डोक्यात जे घोळत होतं ते क्षमस्वरावांनी एकेक इंग्रजी अक्षर करून सांगितलं. मुलीने लिहून घेतलं, आणि मग ते जोडून वाचलं.

"सर, 'फुकट्यांनो निघा'. हाच ठेवायचा?"

"हाच!"

"एकदा ठेवला की महिनाभर बदलता येत नाही, सर."

"महिना काय, जन्मभर राहू दे!"

संध्याकाळी पाच वाजता, अहाहा, काय नेट होतं! जराही खरखर नाही, एक अडखळ नाही. तिघंही समोर बसल्यासारखे. डावीकडच्या गृहस्थाने जांभई दाबली तीसुद्धा दाढेतल्या चांदीसकट दिसली. भल्या बाईंनी विचारलं, "हं, तर मागच्या वेळी राहिलं होतं. तुमचा सर्वांत मोठा गुण?"

"मी कधीही चूक करत नाही," क्षमस्वराव म्हणाले.

आठवडाभर मनात जपून ठेवलेलं वाक्य. बाहेर पडल्यावर ते किती लहान दिसलं! भिंतीतल्या भोकात कोंबलेल्या चिंधीतून थेंब गळत होता, आणि तो आवाजही, नेट इतकं चांगलं असल्यामुळे, पलीकडे जात असणार. मग मधल्या गृहस्थांनी घसा साफ केला.

"आपल्या अनुभवाबद्दल आम्हाला आदर आहे. तथापि..."

नवीन कारकुनांना क्षमस्वराव शिकवायचे, की पत्रात 'तथापि' आला की पुढचं वाचायची गरज नसते. त्यांनी पुढचं ऐकलं नाही, पण ऐकू सगळं आलं. एकही शब्द तुटला नाही. शेवटी बाई "कळवू आम्ही" म्हणाल्या, आणि क्षमस्वरावांच्या मनात आलं, आता, या क्षणाला, जरा नेट गेलं असतं तर किती बरं झालं असतं. गेलं नाही.

नेटला दोष देता येत नव्हता, शेजाऱ्यांना देता येत नव्हता. उरलं कोण? खोलीत अंधारून आलं तेव्हा ते बाहेर आले. जिन्यात कुणी नव्हतं. आबा तेवढे घडीच्या खुर्चीत बसले होते, समोर रिकाम्या पायऱ्या.

"झाली मीटिंग?" आबांनी विचारलं. "आवाज नीट येत होता ना?"

"येत होता."

"मग?"

"कळवतो म्हणाले."

आबांनी मान हलवली. "तूही लोकांना असंच कळवायचास."

क्षमस्वराव खाली पायरीवर बसले. पायरी अजून दमट होती. "आबा, तुम्हाला कधी कळलं?"

"तू रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून बसायला लागलास तेव्हा. नोकरीवरचा माणूस रविवार विसरत नाही रे."

"आणि या लोकांना?"

"मीच सांगितलं. मी कुठे जाणार आता कुणाच्या ओळखीपाळखी काढायला? माझ्याकडे द्यायला दुसरं काय होतं? म्हटलं, नेट वापरा बाबांनो हवं तेवढं, पण आमच्या पोरासाठी कुठे काही असलं तर बघा."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! "काय, काम जोरात?" विचारताना माहीत होतं, "हो, फार जोरात" हे उत्तर ऐकून घेताना माहीत होतं. क्षमस्वरावांचे कान तापले. इतके दिवस जी अब्रू ते दार लावून आत जपत होते, ती रोज संध्याकाळी दाराबाहेर पायरीवर बसलेली होती.

"पूलवाल्यांचा भाचा आहे एका गोदामाच्या कचेरीत," आबा सांगत होते. "माल तपासायला माणूस हवा म्हणत होता. पगार बेताचाच आहे. आज कळणार होतं. पण आज कुणी फिरकलंच नाही." मग म्हणाले, "तुझंही बरोबर आहे. मला त्यातलं कळत नाही. मला वाटलं, नेट म्हणजे उजेडासारखं असेल. वाटला तरी तेवढाच राहतो."

क्षमस्वराव उठले आणि वर गेले. पूलवाल्यांनी दार अर्धंच उघडलं. हातात बल्ब होता.

"पाइपचा खर्च मी देईन," ते आधीच म्हणाले.

"पाइपचं नाही हो. ते... तुमचे भाचे..."

"निरोप आलाय त्याचा," पूलवाले म्हणाले. "'मेल केलाय' एवढंच दिसतंय. उघडत नाही. जुना पासवर्ड सकाळपासून टाकतोय, घेत नाही. म्हटलं, आता कोणत्या तोंडाने विचारायचं?"

क्षमस्वरावांना फोनवरची ती मुलगी आठवली. महिनाभर बदलता येत नाही, सर. "घ्या फोन. सांगतो. सगळं सलग आहे, इंग्रजीत. पी. एच. यू. के. ए. टी..."

पूलवाल्यांनी चष्मा लावला. ते एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, एका बोटाने दाबत होते. "...वाय, ए, एन, एन, ओ." बोट थांबलं. त्यांनी लिहिलेलं ओठातल्या ओठात वाचलं. मग चष्म्यावरून क्षमस्वरावांकडे पाहिलं, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं.

"पुढे?" ते म्हणाले.

क्षमस्वरावांनी पुढचं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "क्षमस्व." हा शब्द त्यांनी आयुष्यात हजारो वेळा लिहिला होता. तोंडाने म्हणायची ही पहिलीच वेळ. लिहिण्यापेक्षा तो बराच जड निघाला.

फोनवर छोटंसं चक्र फिरायला लागलं. अंधाऱ्या जिन्यात दोघं डोकी जुळवून त्या चक्राकडे बघत उभे राहिले.

"उघडतंय," पूलवाले म्हणाले.

खालून आबांचा आवाज आला, "काय रे, आलं का नेट?"

क्षमस्वराव उत्तर देणार, तेवढ्यात खालच्यावरच्या मजल्यांवर कड्या वाजल्या. दारं उघडली. माणसं बाहेर आली, कठड्यावरून वाकून बघायला लागली, प्रत्येकाच्या हातात फोन. काकू सगळ्यांच्या पुढे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कारण छत अजून ठिबकतच होतं.

"हं भाऊ, सांगा नवा," त्या खालून म्हणाल्या. "आणि जरा मोठ्याने सांगा. सगळ्यांना एकदमच होईल."